ऊन ३८, ताप १००: एकाच तापमानाचे दोन आकडे

मागच्या एप्रिलमधली गोष्ट. शेजारच्या घरी काकूंना दुपारपासून कणकण होती, म्हणून सुनेने औषधाच्या दुकानातून नवा डिजिटल थर्मामीटर आणून त्यांच्या काखेत लावला. तो वाजल्यावर तिने आकडा पाहिला आणि म्हणाली, "आत्ती, अडतीसच दाखवतंय हे. बिघडलंय वाटतं." ताप म्हटला की ९९, १००, १०२ असेच आकडे ऐकण्याची सवय असलेल्या घरात ३८.४ हा आकडा तापाचा वाटणे शक्यच नव्हते. थर्मामीटर डबीत परत गेला. पुढच्या खोलीत त्याच वेळी कोल्हापूरचे कमाल तापमान ३८ अंशांवर गेल्याची बातमी लागली होती आणि ती ऐकून सगळे "काय हे ऊन" म्हणून हळहळत होते. हवेचे ३८ ऐकून धास्तावलेल्या घराला अंगाचे ३८ कमी वाटले. संध्याकाळी मी चौकशीला गेलो तेव्हा थर्मामीटरच्या पडद्यावर मागची नोंद अजून साठवलेली होती. मनातल्या मनात हिशेब केला, तर ३८.४ अंश सेल्सिअस म्हणजे १०१.१ अंश फॅरनहाइट. काकूंना चांगलाच ताप होता.

या चुकीचा दोष त्या सुनेला देता येत नाही. आपण मराठी माणसे हवामान सेल्सिअसमध्ये ऐकतो आणि ताप फॅरनहाइटमध्ये मोजतो. दोन्ही वेळा तोंडाने मात्र नुसते "अंश" किंवा "डिग्री" म्हणतो. त्यात अमेरिकेला गेलेली मुले फोनवर "इथे आज ९५ आहे" असे सांगतात, मोबाइलमधील एखादी सेटिंग बदलली की सकाळी ७७ दिसू लागते, आणि कुठल्या तरी देशात पारा ११३ वर गेल्याचा संदेश फिरू लागला की तिथे पाणी उकळत असेल का, असा प्रश्न लहान मुले अगदी मनापासून विचारतात. म्हणून हे दोन आकडे एकमेकांशी कसे जोडलेले आहेत, हे एकदा मुळापासून पाहून घ्यावे, असे मला वाटते.

अंश म्हणजे नेमके काय

एखादी वस्तू किती गरम किंवा थंड आहे याचे माप म्हणजे तापमान. ही गोष्ट मोजपट्टी नसतानाही असतेच. आपल्याकडच्या गुऱ्हाळावर काहिलीतला रस आटत येतो, तेव्हा गुळव्या थर्मामीटर लावत नाही. तो पाकाचे दोन थेंब गार पाण्यात सोडतो, बोटांनी त्यांची गोळी होते का ते पाहतो आणि काहील उतरवायला सांगतो. त्या क्षणी पाकाचे तापमान साधारण ११८ अंश सेल्सिअस असते. त्यालाच फॅरनहाइटमध्ये सुमारे २४४ म्हणतात. कोणताही आकडा धरला तरी पाक तोच आणि ढेपही तीच. आकडा हे आपण तापमानाला दिलेले नाव आहे.

हे नाव देण्यासाठी मोजपट्टी करायची, तर दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: शून्य कुठे धरायचे आणि एक पायरी केवढी घ्यायची. सेल्सिअस आणि फॅरनहाइट या दोन पट्ट्यांमध्ये या दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आपल्या परिचयाची दोन उदाहरणे घेऊ. छत्रपती शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक शके १५९६ मध्ये झाला, म्हणजेच इसवी सन १६७४ मध्ये. शके आणि इसवी सन यांची सुरुवात वेगळी, पण वर्ष जवळजवळ तेवढेच. म्हणून नुसते ७८ मिळवले की काम होते. आता गुजरीतल्या सराफाकडे चला. ५ तोळे म्हणजे आजच्या व्यवहारात ५० ग्रॅम. इथे सुरुवात एकच आहे, कारण शून्य तोळे म्हणजे शून्य ग्रॅमच. फक्त पायरी लहान-मोठी आहे, म्हणून नुसता गुणाकार पुरतो. सेल्सिअसवरून फॅरनहाइटकडे जाताना मात्र शके-सनासारखी बेरीजही करावी लागते आणि तोळा-ग्रॅमसारखा गुणाकारही. किलोमीटर-मैल किंवा किलो-पौंड ज्यांना सहज जमते, त्यांनाही तापमानाचा हिशेब अवघड वाटतो तो यामुळेच.

३२ हा विचित्र आकडा आला कुठून

सेल्सिअसमध्ये बर्फ वितळतो ते तापमान ० आणि समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाला पाणी उकळते ते १००. फॅरनहाइटमध्ये हेच दोन बिंदू ३२ आणि २१२ आहेत. शाळेत हे आकडे पाठ करताना ते कुणी तरी मुद्दाम अवघड केले असावेत असे वाटते. प्रत्यक्षात त्यांच्यामागे एका कारागिराचा सरळ विचार होता.

डॅनियल गॅब्रिएल फॅरनहाइट हा १६८६ मध्ये डान्झिग, म्हणजे आजच्या पोलंडमधील ग्दान्स्क येथे जन्मला आणि पुढे नेदरलँड्समध्ये स्थायिक झाला. तो उपकरणे घडवणारा माणूस होता. त्याच्या काळी एकाने केलेला तापमापक दुसऱ्याने केलेल्या तापमापकाशी जुळत नसे. काचेच्या बारीक नळीत पारा भरून त्याने असे तापमापक घडवले की दोन वेगवेगळी उपकरणे एकच आकडा दाखवू लागली. आपण आजही "पारा चढला", "पारा घसरला" असे म्हणतो, त्या पाऱ्याला तापमापकात मानाचे स्थान मिळवून देणारा हाच.

१७२४ मध्ये त्याने आपली पट्टी प्रसिद्ध केली. बर्फ, पाणी आणि नवसागर यांचे मिश्रण म्हणजे त्याचे शून्य. नवसागर म्हणजे कल्हईवाला तापलेल्या भांड्यात टाकतो आणि पांढरा धूर निघतो, ती पूड. बर्फात क्षार मिसळला की मिश्रण नुसत्या बर्फापेक्षा कितीतरी गार होते. पॉटचे आइस्क्रीम करताना डब्याभोवती बर्फासोबत मीठ घालतात ते याचसाठी. इतके खाली शून्य धरल्यामुळे हिवाळ्यातील नोंदी सहसा उणे आकड्यांत जात नसत. नुसत्या बर्फ-पाण्याला त्याने ३२ आणि निरोगी माणसाच्या अंगाला ९६ धरले.

३२ आणि ९६ यांच्यात ६४ घरे येतात, आणि ६४ ऐकताच आपल्याकडच्या जुन्या माणसांना काही आठवायला हवे. जुन्या रुपयाचे पैसेही ६४ च होते. रुपयाचा अर्धा आठ आणे, त्याचा अर्धा चार आणे, मग दोन आणे, एक आणा, अर्धा आणा आणि शेवटी एक पैसा. सहा वेळा निम्मे केले की रुपयाचा पैसा होतो. नळीवर बारीक खुणा करणाऱ्यालाही हीच सोय हवी असते, कारण दिलेल्या अंतराचे बरोबर दोन भाग करणे सोपे आणि दहा समान भाग करणे कठीण. १ एप्रिल १९५७ रोजी आपल्या रुपयाचे १०० नये पैसे झाले. फॅरनहाइटची पट्टी म्हणजे ६४ पैशांचा रुपया आणि सेल्सिअसची पट्टी म्हणजे १०० पैशांचा रुपया, असे समजायला हरकत नाही. पुढे फॅरनहाइटच्या पट्टीत पाण्याचा उत्कलनबिंदू २१२ वर पक्का करण्यात आला. त्या दुरुस्तीत पायऱ्या किंचित सरकल्या आणि अंगाचे तापमान ९६ वरून ९८.६ च्या आसपास आले.

सेल्सिअसची कथा थोडक्यात सांगता येते. आंडेर्स सेल्सिअस हा स्वीडनमधील उप्साला येथील खगोलशास्त्रज्ञ. १७४२ मध्ये त्याने बर्फ आणि उकळते पाणी यांच्यामध्ये १०० घरे पाडली, पण उलटी: त्याच्या पट्टीत उकळते पाणी ० आणि बर्फ १०० होता. ती काही वर्षांतच सुलटी करण्यात आली. पुढे बराच काळ या पट्टीला सेंटिग्रेड म्हणत. १९४८ मध्ये सेल्सिअस हे नाव आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरले. वयस्क मंडळी सेंटिग्रेड म्हणतात ते चुकीचे नाही, फक्त जुने आहे.

विजेच्या बिलासारखा हिशेब

बर्फापासून उकळत्या पाण्यापर्यंत सेल्सिअसच्या १०० पायऱ्या आणि फॅरनहाइटच्या १८०. म्हणजे सेल्सिअसची एक पायरी फॅरनहाइटच्या १.८ पायऱ्यांएवढी. शिवाय सेल्सिअस ० वर असतो तेव्हा फॅरनहाइट आधीच ३२ वर असतो. हे अगदी विजेच्या बिलासारखे आहे. एकही युनिट जाळले नाही तरी स्थिर आकार भरावाच लागतो, आणि त्यावर प्रत्येक युनिटचा दर लागतो. इथे स्थिर आकार ३२ आणि दर १.८, असे समजा. ३५ अंश सेल्सिअसचे 'बिल' काढायचे तर ३५ गुणिले १.८ म्हणजे ६३, अधिक ३२, एकूण ९५. अमेरिकेतील मुलगा "इथे आज ९५ आहे" म्हणतो, तेव्हा तो आपल्याकडच्या एप्रिलमधल्या एखाद्या साध्या दुपारीएवढेच तापमान सांगत असतो.

तोंडी हिशेबासाठी १.८ ने गुणण्यापेक्षा एक सोपी रीत आहे. आकडा दुप्पट करा, आलेल्या उत्तरातून त्याचाच दहावा भाग वजा करा आणि ३२ मिळवा. ३८ चे दुप्पट ७६, त्यातून ७.६ वजा जाऊन ६८.४, अधिक ३२, म्हणजे १००.४. उलट जायचे असेल तर आधी ३२ वजा करा, उरलेल्याचे निम्मे करा आणि त्यात त्याचा दहावा भाग मिळवा. ९५ मधून ३२ गेले की ६३, निम्मे ३१.५, त्यात ३.१५ मिळवले की ३४.६५, खरे उत्तर ३५ आहे, पण गप्पा मारताना एवढा फरक चालून जातो.

मला स्वतःला मात्र सूत्रापेक्षा ओळखीचे दिवस लक्षात ठेवणे अधिक उपयोगी वाटते. १६ चे आकडे उलटे केले की ६१ होतात आणि १६ अंश सेल्सिअस म्हणजे जवळपास ६१ अंश फॅरनहाइटच: आपल्याकडची थंडीतली पहाट, रंकाळा तलावावर फिरायला जाणारे स्वेटर घालतात ती. २८ चे उलटे ८२, आणि २८ अंश सेल्सिअस म्हणजे ८२ च्या किंचित वर: पावसाळ्यातली उघडीप असलेली दुपार. १० म्हणजे ५०, तेव्हा गल्लीत शेकोट्या पेटतात. ४० म्हणजे १०४. यापुढे ५ अंश सेल्सिअस चढले की ९ अंश फॅरनहाइट चढवायचे, एवढे ध्यानात ठेवले की मधले आकडे आपोआप सापडतात. न्यूयॉर्कमधील नातू जानेवारीत "आजी, आज २० आहे" म्हणाला तर ते सुखद २० नाही, हेही मग कळते; ते उणे ६.७ अंश सेल्सिअस आहे आणि तिथे पाणी गोठते आहे.

नोंद वेगळी, फरक वेगळा

या विषयातली सर्वांत मोठी चूक सूत्र न येणाऱ्यांकडून होत नाही. सूत्र पाठ असणाऱ्यांकडून होते. म्हणून या मुद्द्यावर थोडे थांबले पाहिजे.

भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअस असेल आणि ते त्या तारखेच्या कमाल तापमानाच्या अनेक वर्षांच्या सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी अधिक असेल, तर त्याला उष्णतेची लाट म्हणतात. आता "सरासरीपेक्षा ४.५ अंश अधिक" हे फॅरनहाइटमध्ये कसे लिहायचे? सूत्रात घातले तर ४.५ गुणिले १.८ म्हणजे ८.१, अधिक ३२, म्हणजे ४०.१ येते, आणि तापमान सरासरीपेक्षा ४० अंशांनी वाढले, असे भयंकर वाक्य तयार होते. बरोबर उत्तर ८.१ आहे. सरासरी ३७ आणि नोंद ४१.५ असेल, तर फॅरनहाइटमध्ये सरासरी ९८.६ आणि नोंद १०६.७, दोहोंतला फरक ८.१ च.

विजेच्या बिलाकडे पुन्हा पाहा. गेल्या महिन्यापेक्षा या महिन्यात ५ युनिटे जास्त जळली, तर बिल त्या ५ युनिटांच्या दरानेच वाढते. स्थिर आकार दोन्ही महिन्यांत सारखाच असल्यामुळे वजाबाकीत तो निघून जातो. फरकाला ३२ लावायचे नाहीत, ते याच कारणाने. जागतिक तापमानवाढ १.५ अंश सेल्सिअसवर रोखण्याचे जे लक्ष्य २०१५ च्या पॅरिस करारात आहे, ते अमेरिकी लेखांत २.७ अंश फॅरनहाइट असे छापले जाते, ३४.७ असे नव्हे. बाहेरची बातमी मराठीत आणणाऱ्यांनी "तापमान इतके झाले" आणि "तापमान इतक्याने वाढले" ही दोन वाक्ये नीट वेगळी ओळखली पाहिजेत. आपल्या भाषेत तर "ने" हा एकच प्रत्यय ते काम चोख करतो.

कोल्हापुरात हा प्रश्न नुसता बातम्यांपुरता नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत कास्टिंगचे, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून भाग घडवण्याचे, काम चालते. अमेरिकेतील ग्राहकाचे ड्रॉइंग आले की हीट ट्रीटमेंटचे, म्हणजे धातू ठरवून तापवण्याच्या आणि गार करण्याच्या प्रक्रियेचे, तापमान पुष्कळदा फॅरनहाइटमध्ये लिहिलेले असते. समजा, कागदावर १६५० अधिक-उणे २५ असे आहे. १६५० चे सेल्सिअसमध्ये ८९९ होतात, हे बरोबर. पण नवशिका मुलगा २५ सुद्धा त्याच सूत्रात घालतो आणि त्याला उणे ३.९ मिळतात. मग तो उणे चिन्ह गाळून भट्टीच्या तक्त्यावर "८९९ अधिक-उणे ४" असे लिहितो. खरी मुभा १४ अंशांची आहे: ८८५ ते ९१३. भट्टीत तापमान १० अंशांनी इकडेतिकडे झाले तर कास्टिंग त्यामुळे बिघडत नाही, पण तक्त्यावरचा ४ प्रमाण मानला की चांगला माल नाकारला जातो. धातूला काही झालेले नसते. चूक फक्त नोंद आणि फरक यांची गल्लत होण्याची असते.

आज ४०, काल २०: ऊन दुप्पट झाले का

नाही. २० आणि ४० हे सेल्सिअसमधील आकडे फॅरनहाइटमध्ये ६८ आणि १०४ होतात, आणि १०४ काही ६८ च्या दुप्पट नाही. एका पट्टीवर दिसणारी दुप्पट दुसऱ्या पट्टीवर नाहीशी होत असेल, तर ती हवेत कधी नव्हतीच. शून्य सोयीच्या जागी धरल्यामुळे ती तशी दिसली. ज्याहून खाली तापमान जाऊच शकत नाही अशा खऱ्या शून्यापासून मोजणारी पट्टी म्हणजे केल्विन. तिच्यावर हे दोन आकडे २९३ आणि ३१३ आहेत, म्हणजे वाढ जेमतेम सात टक्क्यांची.

एक पट्टी दुसरीपेक्षा अधिक अचूक आहे का

इथे दोन्ही बाजूंनी आक्षेप येतात. काहींच्या मते सेल्सिअस शास्त्रीय आणि फॅरनहाइट जुनाट. तर फॅरनहाइटची पायरी लहान असल्यामुळे तीच पट्टी अधिक बारीक मोजते, असे इतरांना वाटते. अचूकता उपकरणात असते, पट्टीत नसते. सेल्सिअसमध्ये दशांश लिहिला की बारीकपणाचा प्रश्न उरत नाही, आणि आपला हवामान विभाग कमाल-किमान तापमान दशांशासह देतोच.

उलट दशांश दिसला म्हणजे मोजमाप बारीक, हेही खरे नाही. याचे उत्तम उदाहरण ९८.६ आहे. कार्ल वुंडरलिष या जर्मन वैद्याने असंख्य रुग्णांच्या नोंदी घेऊन १८६८ मध्ये निरोगी माणसाचे सरासरी तापमान ३७ अंश सेल्सिअस सांगितले. ३७ हा ढोबळ, पूर्णांकातला आकडा; त्याचे फॅरनहाइट केले की ९८.६ होतात. तो ".६" रूपांतरातून आलेला आहे. निरोगी माणसाचे तापमान पहाटे कमी आणि संध्याकाळी थोडे अधिक असतेच, त्यामुळे ९८.२ किंवा ९९ दिसले म्हणून कुणी घाबरू नये.

आपण भारतीय दोन पट्ट्यांमध्ये अडकलो ते इतिहासामुळे. ब्रिटिश अमदानीत हवामानही फॅरनहाइटमध्येच सांगत. १९५६ च्या वजन-मापांच्या कायद्यानंतर दशमान पद्धत आली, मण-शेर गेले, हवामान सेल्सिअसमध्ये आले. पण घरातला तापाचा थर्मामीटर आपल्या जागी राहिला. अमेरिकेतही १९७५ मध्ये दशमान पद्धतीचा कायदा झाला होता, पण तो ऐच्छिक होता आणि रोजच्या हवामानात लोकांनी सवय सोडली नाही. मात्र तिथल्या विमानतळांवरून वैमानिकांना दिल्या जाणाऱ्या नेहमीच्या हवामान-अहवालांत तापमान सेल्सिअसमध्ये असते.

बातमीत ३८ आणि गाडीवर ४३, हे कसे

हा फरक सेल्सिअस-फॅरनहाइटचा नाही, तरी लोक तो त्यातच मिसळतात. अधिकृत तापमान हे सावलीतल्या हवेचे असते. वेधशाळेत झडपांच्या भिंती असलेली पांढऱ्या रंगाची लाकडी पेटी जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर ठेवतात. वारा आत खेळतो, ऊन मात्र थेट लागत नाही. दुपारी दोन वाजता सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीचा तापमापक डांबराची आणि इंजिनाची धगही मोजत असतो. मोबाइलवर आणखी एक आकडा येतो, 'जाणवणारे तापमान'. त्यात हवेतील दमटपणा धरलेला असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या तक्त्यात ९६ अंश फॅरनहाइट आणि ६५ टक्के आर्द्रता असेल, तर शरीराला ते १२१ सारखे जाणवते असे दिले आहे; आपल्या भाषेत हवा ३५.६, जाणीव ४९.४. तिथला १२१ हा आकडा कुणी उचलून "पारा ४९ वर" असे छापले, तर रूपांतर बरोबर असूनही बातमी चुकीची ठरते.

३७ ची रेषा

या दोन पट्ट्या शेजारी ठेवण्याचा खरा उपयोग इथे आहे. ३७ अंश सेल्सिअस आणि ९८.६ अंश फॅरनहाइट हे एकच तापमान. एप्रिलमधल्या दुपारी कोल्हापूरचा पारा ३७-३८ वर जातो, तेव्हा बाहेरची हवा आपल्या अंगाएवढी गरम झालेली असते. गंगावेशीत म्हशीचे धारोष्ण दूध पेल्यात घेतले की हाताला जी ऊब लागते, ती म्हशीच्या अंगाची, साधारण ३८ अंशांची; त्या दुपारी सगळी हवाच तेवढी उबदार असते. हवामान एका भाषेत आणि ताप दुसऱ्या भाषेत ऐकत असल्यामुळे ही गोष्ट आपल्या लक्षातच येत नाही.

आपले शरीर आत सतत उष्णता तयार करते आणि ती बाहेर टाकावी लागते. त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. हवा त्याहून गार असेल तोवर उष्णता आपोआप हवेत जाते. हवा त्याहून गरम झाली की हा रस्ता बंद होतो आणि उष्णता उलट आत येऊ लागते. मग घाम येऊन तो वाळणे, एवढा एकच उपाय शरीराकडे उरतो. माठातले पाणी गार होते ते याच तत्त्वावर. एप्रिलच्या कोरड्या दुपारी माठ छान गार होतो, पण वळवाआधीच्या घुसमटीच्या संध्याकाळी त्याच माठाचे पाणी कोमट लागते, कारण दमट हवेत ओल वाळत नाही. माणसाच्या अंगाचेही तसेच आहे. गगनबावड्याचा घाट उतरून कोकणात गेलेल्या कोल्हापूरकराला ३४ अंशांतही नकोसे होते, त्यामागचे कारण हेच. किनारपट्टीसाठी उष्णतेच्या लाटेचा निकष ४० ऐवजी ३७ अंशांपासून सुरू होतो, तोही या दमटपणाचा विचार केल्यामुळे.

यावर कुणी विचारेल की बाहेर ४० म्हणजे १०४ अंश फॅरनहाइट असेल, तर आपल्याला १०४ ताप चढत कसा नाही. घाम आणि त्वचेकडे वाढलेला रक्तप्रवाह शरीराला ३७ च्या आसपास धरून ठेवतात म्हणून. पाणी कमी पडले, भर उन्हात अंगमेहनत चालू राहिली किंवा घाम वाळेनासा झाला, तर ही व्यवस्था कोलमडते. अंगाचे तापमान ४० अंश सेल्सिअस, म्हणजे १०४ अंश फॅरनहाइटच्या वर गेले आणि माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा त्याची शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात असतो. अशा वेळी त्याला सावलीत आणून, अंग ओले करून वारा घालत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ऊसतोडीला, बांधकामावर किंवा भट्टीपुढे काम करणाऱ्या माणसाच्या बाबतीत घरच्यांना दोन्ही आकडे माहीत असणे फार महत्त्वाचे आहे. थर्मामीटर ४०.२ दाखवत असेल आणि घर ते "चाळीसच" म्हणून ऐकत असेल, तर मोलाचा वेळ हातचा जातो.

काकूंचा ताप साध्या संसर्गाचा निघाला आणि तीन दिवसांत उतरला. त्या थर्मामीटरवर आकड्याच्या कोपऱ्यात सी हे बारीक अक्षर होते. बटण दाबून धरले की त्या जागी एफ येते आणि आकडा बदलतो, हे डबीतल्या माहितीपत्रकात लिहिलेले होते. सुनेने ते बदलले नाही. तिने डबीच्या झाकणात आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवली: ३७ म्हणजे ९८.६, ३८ म्हणजे १००.४, ३९ म्हणजे १०२.२, ४० म्हणजे १०४. त्याखाली तिने आपल्या मनाने आणखी एक ओळ लिहिली आहे: डॉक्टरांना फोन करताना आकड्यासोबत सी की एफ तेही सांगणे.